पिंजरा, आकाश आणि उंदरांचे औषध

माणसाच्या हातातून निसटलेला शिकारी पक्षी शहरात राहू लागला, की त्या शहरातली माणसे चटकन दोन पक्षांत विभागली जातात. एक पक्ष म्हणतो, "बिचारा उपाशी मरेल, धरा त्याला." दुसरा म्हणतो, "सुटला ना एकदाचा? राहू द्या मोकळा." हे भांडण जुने आहे. १९६५ च्या फेब्रुवारीअखेरीस लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला गोल्डी नावाचा सोनेरी गरुड पिंजऱ्याची साफसफाई चालू असताना निसटला आणि लगतच्या रीजंट्स पार्कमध्ये सुमारे बारा दिवस राहिला. त्याला पाहायला हजारो माणसे लोटली, मोटारींची कोंडी झाली, खुद्द पार्लमेंटात त्याचे नाव निघाले. शेवटी सशाच्या मांसाच्या मोहाने खाली उतरला आणि सापडला. त्याच वर्षी डिसेंबरात पठ्ठ्या पुन्हा पळाला, पुन्हा धरला गेला!

मला ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो मात्र परत पिंजऱ्यात गेला नाही. त्याचे नाव फ्लॅको. जात – युरेशियन ईगल आउल; म्हणजे आपल्याकडच्या शृंगी घुबडाचा थोरला भाऊबंद. कानांच्या जागी पिसांची दोन शिंगे, नारिंगी डोळे, पंखांचा पसारा सुमारे सहा फूट. वाचकांना वाटेल, की घरच्या चिमण्या-कावळ्यांकडे बघायला हिला सवड नाही आणि ही अमेरिकेतल्या घुबडाची कहाणी कशाला सांगते? त्याचे कारण पुढे येईलच. आधी कहाणी ऐका.

फ्लॅको २०१० च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, माणसाच्या देखरेखीखाली अंड्यातून बाहेर आला. वर्षाचा व्हायच्या आत त्याला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील प्राणिसंग्रहालयात आणले. तिथल्या एका लहानशा जाळीच्या खोलीत, भिंतीवर रंगवलेल्या डोंगरांच्या चित्रासमोर, तो बारा वर्षे बसून होता. आयते कापलेले मांस मिळे. उडायला जागा नव्हती. शिकार करायचे कारण नव्हते. २ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री कुणीतरी ती पोलादी जाळी कापली. ज्याने कापली तो फ्लॅको जिवंत असेपर्यंत सापडला नाही. घुबड बाहेर पडले ते थेट फिफ्थ ॲव्हेन्यूच्या झगमगीत फुटपाथवर येऊन बसले. पोलिसांनी भोवती कडे केले, शेजारी कुत्र्यामांजरांना नेण्याची पेटी ठेवली. फ्लॅकोने त्या पेटीकडे पाहिले असेल-नसेल, पण तो उडाला आणि बागेतल्या झाडांत शिरला.

संग्रहालयाचे लोक हवालदिल झाले. त्यांची भीती खोटी नव्हती. ज्याने जन्मात उंदीर मारलेला नाही तो खाणार काय? त्यांनी आमिषे लावली, सापळे मांडले, त्याच्या जातीच्या पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. तो हाती लागला नाही. आणि आठवडाभरातच लोकांनी पाहिले, की हे घुबड केस-हाडांच्या गोळ्या ओकते आहे, म्हणजेच ते शिकार करून खाते आहे. सुरुवातीला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना अडखळणारा हा पक्षी थोड्याच दिवसांत सफाईने उडू लागला. बारा वर्षे जे कुणी शिकवले नाही, ते त्याच्या अंगात होतेच! दोन आठवड्यांनी संग्रहालयाने धरपकड थांबवली.

मग जे झाले ते आपल्याला नवल वाटावे असे आहे. आपल्याकडे घुबड दिसले की थुंकतात, घरावर बसले तर शांत करतात, आणि एखाद्याचा चेहरा आवडला नाही तर त्याला घुबडाची उपमा देतात. न्यूयॉर्कची माणसे दुर्बिणी घेऊन या घुबडाच्या मागे लागली. वर्षभर तो तिथला सर्वांत लाडका रहिवासी होता. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तो बाग सोडून शहरात शिरला. ईस्ट व्हिलेजमधल्या शिल्पांच्या बागेत दिसला. मग उत्तरेकडे जाऊन उंच इमारतींच्या गच्च्यांवर, तिथल्या लाकडी पाण्याच्या टाक्यांवर रात्री बसू लागला. कधी कुणाच्या खिडकीत बसून आत डोकावे. रात्र-रात्र तो घुत्कार करी. जाणकार म्हणत, तो मादीला बोलावतो आहे. पण त्या भूमीवर त्याची जात मुळात नैसर्गिकपणे राहतच नाही. सारे शहर त्याची साद ऐकत होते, आणि ज्यांच्यासाठी ती होती त्यांच्यापैकी ऐकणारे कुणीही नव्हते.

२३ फेब्रुवारी २०२४ रोजी पश्चिमेकडच्या एकोणनव्वदाव्या रस्त्यावरील एका इमारतीपाशी तो जखमी अवस्थेत सापडला आणि थोड्याच वेळात मेला. इमारतीवर आपटला असावा. बाहेर येऊन एक वर्ष आणि तीन आठवडे झाले होते. ज्या ओकवर तो नेहमी बसे त्या झाडाखाली माणसांनी फुले, चित्रे, पत्रे आणून ठेवली. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या इतिहास-संग्रहालयात त्याच्या त्या वर्षाचे प्रदर्शनही भरले.

आता भांडणाकडे येऊ. फ्लॅको मेल्याबरोबर संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेने जाहीर केले, की ज्याने जाळी कापली तोच या मृत्यूला अंतिमतः जबाबदार आहे. उलट बाजूने प्रेमी मंडळी म्हणाली, पिंजऱ्यातल्या चाळीस वर्षांपेक्षा आकाशातले एक वर्ष मोलाचे. (बंदिवासात ही घुबडे चाळीस वर्षांच्या पुढेही जगतात.) दोन्ही बाजूंनी लेख लिहिले गेले, भावना उचंबळून आल्या. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, आणि तेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

पहिल्या बाजूबद्दल आधी. "घरी राहिला असता तर जिवंत असता" हे वाक्य ऐकले की माझे कान टवकारतात. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. गावाकडे कुणाही मुलीचे शहरात काही बिनसले, की नेमके हेच वाक्य ओट्याओट्यावर बोलले जाते. या वाक्याची गंमत अशी, की ते खरे असते आणि तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. जाळीत राहिला असता तर फ्लॅको जगला असता हे कबूल. पण जाळी कापल्याने पक्षी मरत नाही. जाळी कापल्यावर तो बाहेर जिथे जातो तिथे काय आहे, त्याने तो मरतो किंवा जगतो.

दुसऱ्या बाजूचे बोलणे कानाला गोड लागते, म्हणून ते अधिक धोक्याचे. फ्लॅकोला स्वातंत्र्याचा पुतळा करून टाकले की पुढे काही करायचे उरत नाही. हळहळले, फुले वाहिली, झाले. परका शिकारी पक्षी मोकळा राहिला तर तिथल्या पाखरांचे काय, असा साधा प्रश्न काही निसर्गप्रेमींनी विचारला, तर त्यांना अरसिक ठरवले गेले. शिवाय या मंडळींनी एक गोष्ट ध्यानात घेतली नाही. तो ज्या आकाशात उडत होता ते मोकळे नव्हतेच.

महिन्याभराने, २५ मार्च २०२४ रोजी, शवविच्छेदनाचा अहवाल आला. वरवर फ्लॅको धडधाकट होता; वजन पिंजऱ्यातल्या शेवटच्या वजनाइतकेच होते म्हणा ना. आपटल्याच्या जखमा होत्या. पण त्याखेरीज त्याच्या शरीरात दोन गोष्टी निघाल्या. कबुतरे खाऊन झालेला विषाणूचा तीव्र आजार. आणि उंदीर मारण्याच्या औषधांपैकी एक नव्हे, दोन नव्हे, तर चार प्रकार. अहवालात स्पष्ट म्हटले होते, की तो आपटला नसता तरी या गोष्टींनी शेवटी मेलाच असता. मरण्यापूर्वी काही दिवस त्याचा घुत्कार थांबला होता. लोकांना वाटत होते, की तो दुसरीकडे गेला असेल.

हे उंदराचे औषध कसे काम करते ते समजून घेण्यासारखे आहे. त्यातल्या बहुतेक नव्या औषधांनी रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते. उंदीर वडी खातो, पण लगेच मरत नाही. तीन-चार दिवस हिंडतो, पुन्हा वडी खातो, आतून रक्तस्राव होऊन मंद होत जातो आणि एरवी बिळात राहणारा तो उघड्यावर येऊन बसतो. घुबडाला असा उंदीर म्हणजे आयते ताट! औषध उंदराच्या पोटातून घुबडाच्या पोटात जाते आणि यकृतात आठवड्यामागून आठवडे राहते. पुढचा उंदीर आला की त्यात भर पडते. फ्लॅकोच्या आधी, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, त्याच सेंट्रल पार्कात बॅरी नावाने ओळखली जाणारी एक घुबडाची मादी बागेच्या गाडीला धडकून मेली होती. ती कुठल्याही पिंजऱ्यातून सुटलेली नव्हती, पक्की रानातली होती. तिच्याही शरीरात हेच औषध, जीव जाईल एवढे, सापडले. मग जाळी कापणाऱ्याचा आणि पिंजऱ्याचा संबंध कुठे उरला? पिंजऱ्यातून आलेला असो की रानातून, शहराने दोघांनाही एकच जेवण वाढले.

इथे कुणी म्हणेल, की शहर शिकारी पक्ष्याची जागाच नव्हे. तिथे तो मरायचाच. हे म्हणणे खोडून काढणारा पुरावा त्याच न्यूयॉर्कमध्ये आहे, आणि तो फ्लॅकोपेक्षा मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

ससाणे पाळून त्यांच्याकडून शिकार करवण्याची विद्या हजारो वर्षे जुनी आहे. अरबस्तानात, मध्य आशियात, युरोपात, आपल्याकडे मुघल दरबारात तिचा मोठा थाट होता. २०१० मध्ये युनेस्कोने तिला मानवाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. (आपल्या देशात आता रानातून बाज-ससाणे धरणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.) या विद्येतली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट म्हणजे पक्षी रोज सोडावा लागतो. पायांत चामड्याच्या वाद्या, घुंगरू, डोळ्यांवर टोपी. पण शिकारीच्या वेळी टोपी काढून त्याला हवेत सोडायचे. तो मालकावरच्या मायेने परत येत नाही. हातावर मांस आहे हे त्याला ठाऊक असते म्हणून येतो. म्हणून पाळणारा रोज त्याचे वजन करतो. फार पोट भरलेला पक्षी परत यायचे कारण विसरतो. वारा फिरला, भक्ष्य दूर गेले, की गेला तो गेला. इंग्लंडमध्ये अमेरिकेतून आणून वाढवलेले हॅरिस जातीचे बाज असे सुटून गावाशहरांभोवती राहिलेले पाहायला मिळतात. त्यांच्यातला एखादा मरतो तो उपासमारीने नव्हे, तर पायांत राहिलेली वादी फांदीत अडकून उलटा लटकून. माणसाने बांधलेली दोरी माणूस नसतानाही जीव घेते.

याच ससाणे पाळणाऱ्यांनी अमेरिकेत एक मोठे काम केले. डीडीटीच्या फवारण्यांमुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन उबवतानाच फुटू लागली, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला अंडी घालणारी एकही जोडी उरली नाही. १९७० मध्ये टॉम केड या प्राध्यापकाने – ते स्वतः ससाणे पाळणारे – कॉर्नेल विद्यापीठात पिंजऱ्यातल्या पक्ष्यांपासून पिल्ले वाढवण्याचा उद्योग सुरू केला. पाळणाऱ्यांनी आपापले पक्षी दिले. वाढलेली पिल्ले सोडण्याची रीतही त्यांच्याच विद्येतली: पिल्लांना उंच मनोऱ्यावरच्या पेटीत ठेवायचे, माणूस दिसू न देता अन्न टाकायचे, आणि ती आपसूक उडायला, मारायला शिकेपर्यंत अन्न चालू ठेवायचे. कड्यांवर सोडलेली पिल्ले तिथली शृंगी घुबडे खाऊन टाकत, म्हणूनही मनोरे आणि उंच इमारती बऱ्या पडल्या. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन मोठ्या पुलांवर बहिरी ससाण्यांनी घरटी केली. आज ते त्या शहराचे कायमचे रहिवासी आहेत आणि १९९९ मध्ये त्यांचे नाव अमेरिकेच्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीतून निघाले.

म्हणजे पाळीव ससाण्यांची पोरे त्याच शहरात जगली, पिढ्यान् पिढ्या वाढली. फ्लॅको वर्षभरात मेला. फरक कशात? ससाणे जास्त शूर होते म्हणून नव्हे. डीडीटीवर अमेरिकेत १९७२ मध्ये बंदी आली होती. तिथे आधी विष काढले गेले आणि मग पक्षी सोडले गेले. शिवाय सोडल्यावरही काही आठवडे अन्न ठेवले गेले. फ्लॅकोच्या बाबतीत कुणा अज्ञाताने एका रात्रीत जाळी कापली आणि विष होते तिथेच राहिले. नुसते दार उघडणे हे अर्धेच काम. हे माझ्यासारखीला पुस्तकातून शिकावे लागत नाही. कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा गावाने पेढे वाटले, पण सवलतीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, तो कुणी भरून द्यायचा, वसतिगृहाची यादी लागेपर्यंत राहायचे कुठे, हे सांगणारे घरात कुणी नव्हते. दुसऱ्या वर्गातल्या दोघीजणी त्या पहिल्या महिन्यातच परत गेल्या. त्यांच्या गावीही म्हटलेच असेल, घरी होत्या तेच बरे होते. असो.

न्यूयॉर्कने फ्लॅकोपासून थोडे तरी घेतले हे सांगायला हवे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या नगरपरिषदेने त्याच्या नावाने ओळखला जाणारा एक कायदा मंजूर केला. उंदरांना विष घालण्याऐवजी त्यांची पैदास रोखणारे औषध काही भागांत घालून पाहायचे, असा तो प्रयोग आहे. इमारतींच्या काचांवर आपटूनच त्या शहरात दरवर्षी नव्वद हजार ते दोन लाख तीस हजार पक्षी मरतात असा तिथल्या पक्षिमित्रांचा अंदाज आहे. त्या काचांबद्दलच्या एका विधेयकालाही त्याचे नाव दिले गेले. कायदा होईल, प्रयोग फसेलही. पण निदान प्रश्न पिंजऱ्याकडून विषाकडे वळला.

आता आपल्याकडे. माणूस एकासाठी औषध घालतो आणि मरतो दुसरा, हे आपल्याइतके कुणी भोगलेले नाही. गुरांना दुखण्यावर दिलेल्या डायक्लोफिनॅकने, ती गुरे मेल्यावर खाणारी आपली गिधाडे नव्वदच्या दशकापासून जवळजवळ संपली. २००६ मध्ये त्या औषधाचा गुरांसाठीचा वापर बंद केला, पण गिधाडे अजून परतली नाहीत. फ्लॅकोचे भाऊबंद महाराष्ट्रात ओढ्यांच्या काठी, खाणींच्या कपारीत राहतात आणि शेतातले उंदीर-घुशी खाऊन शेतकऱ्याची फुकट राखण करतात. ब्रोमाडिओलोनच्या वड्या तर कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. न्यूयॉर्कमधल्या बॅरीच्या शरीरात निघालेले एक औषध हेच.

आपल्या महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर गव्हाणी घुबडाची एक जोडी आहे हे किती जणांना ठाऊक आहे? संध्याकाळी अभ्यासिका सुटताना वर पाहिले तर पांढऱ्या, बदामी चेहऱ्याचे ते पाखरू आवाज न करता मैदानावरून जाताना दिसते. काही मुली घाबरून किंचाळतात. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर ग्रंथालय आहे, आणि ग्रंथालयात उंदीर. जुन्या बांधीव अंकांची पाने त्यांनी कुरतडली आहेत, हेही मी पाहिले आहे. पुस्तके वाचवायला हवीत यात वाद नाही. दर पावसाळ्यापूर्वी कपाटांच्या मागे निळ्या वड्या ठेवल्या जातात. म्हणजे वरच्या मजल्यावरचे जे दोन चौकीदार पगार न घेता हेच काम करतात, त्यांनाच आपण खालून जेवण पाठवतो.

माझे म्हणणे एवढेच आहे, की यंदा वड्यांऐवजी चाप आणि पिंजरे आणावेत. मागच्या भिंतीतली मोरीची भोके सिमेंटने बुजवावीत, ती सहा आहेत, मी मोजली आहेत. उपाहारगृहाच्या मागे उघडा पडणारा कचरा झाकणाच्या पिंपात टाकावा, कारण उंदीर ग्रंथालयात पुस्तकांसाठी येत नाहीत, ते त्या कचऱ्यावर पोसतात आणि पावसात आत आसरा घेतात. चाप रोज पाहून रिकामे करणे हे किळसवाणे काम आहे आणि शिपाईमामांवर ते टाकून मोकळे होणे मला बरे वाटत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आम्ही पाचजणींनी पाळीपाळीने ते करायची तयारी दाखवली आहे. ग्रंथपाल सरांना अर्ज दिला आहे. सर म्हणाले, "मे महिन्यात बघू." वड्यांची खरेदी एप्रिलात होते.